गोझलेमे म्हणजे तुर्की पराठा नव्हे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात ‘तुर्की पराठा’ या मथळ्याखाली गोझलेमे या पदार्थाची कृती प्रसिद्ध झाली. त्या कृतीबरहुकूम मी हा पदार्थ दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा तो फसला. चाळीस वर्षे पुरणपोळ्या लाटलेल्या हाताला एक भरलेली पोळी जमू नये, हे काही पटेना. म्हणून चूक हाताची की कागदाची याचा छडा लावला आणि हे पत्र लिहायला बसले.

पहिला घोटाळा यीस्टचा. अर्धा किलो मैद्यात यीस्ट घालून पीठ दोन तास फुगत ठेवावे, असे आपल्या कृतीत म्हटले आहे. तसे केल्यावर जे काही तव्यावर पडले ते बोटभर जाड, बाहेरून करपलेले आणि आत कच्चे होते. रूढ पद्धतीत गोझलेमेच्या पिठात मैदा, पाणी, मीठ आणि फार तर थोडे तेल किंवा दही असते. यीस्टला तेथे काही काम नाही. मग ते आले कोठून, याचा उलगडा कृतीसोबतचे छायाचित्र नीट पाहिल्यावर झाला. कडा आत दुमडलेली, होडीच्या आकाराची ती वस्तू गोझलेमे नसून पिदे आहे. पिदेचे पीठ यीस्टने फुगवतात आणि ती भट्टीत भाजतात, तर गोझलेमे तव्यावर होते. दोन वेगळ्या पदार्थांची कात्रणे एकत्र चिकटवल्यावर जे व्हायचे तेच झाले.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. पिठाच्या गोळ्यात सारण भरून, तोंड बंद करून लाटावे, अशी सूचना आपण दिली आहे. पराठा आणि पुरणपोळी यांची रीत तीच असल्यामुळे लेखकाने बहुधा ती गृहीत धरली असावी. परंतु भरून लाटणे वेगळे आणि लाटून भरणे वेगळे. गोझलेमेत पीठ आधी कागदासारखे पातळ लाटतात, त्यावर सारण पसरतात, मग पोळी अर्धी दुमडतात किंवा चारही बाजू आत घेऊन चौकोनी घडी करतात. त्या हिशेबाने हा पदार्थ पुरणपोळीपेक्षा आपल्या करंजीचा जवळचा नातलग ठरतो. चिरलेला कच्चा पालक गोळ्यात कोंबून लाटायला घेतला, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या लाटण्याला पोळी फाटली, पोळपाटावर हिरवे पाणी पसरले आणि तव्यावर टाकताच त्या पाण्याचे असे काही चटचट फवारे उडाले की आमच्या सूनबाई गॅस बंद करून बाजूला झाल्या.

काही वर्षांपूर्वी सहलीच्या निमित्ताने तुर्कस्तानात कोन्याहून गोरेमेकडे जाताना रस्त्याकडेच्या एका खानावळीत हा पदार्थ होताना मी पाहिला आहे. दोघी बायका जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात बुटक्या पायांची गोल लाकडी फळी होती, आपल्या पोळपाटाच्या तिप्पट मोठी. हातात ओक्लावा, म्हणजे बोटाएवढे बारीक आणि हातभर लांब लाटणे. एक जण पीठ त्या लाटण्याला गुंडाळत, तळव्यांनी दाबून पुढे ढकलत आणि पुन्हा उलगडत लाटत होती. दुसरी सारण पसरून घडी घालत होती आणि उपड्या पत्र्याच्या तव्यावर भाजत होती. अशा पातळ पोळ्या करण्याच्या आणि वाटून खाण्याच्या परंपरेची युनेस्कोने २०१६ साली मानवी सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली असून त्यात तुर्कस्तानबरोबर इराण, अझरबैजान, कझाकस्तान आणि किरगिझस्तान हे देश आहेत. तुर्की पातळ पोळीला युफ्का म्हणतात. तो उपडा तवा पाहून मला आमच्या खानदेशी मावशीचे मांड्यांचे खापर आठवले.

जाता जाता, त्या तव्याचे नाव आपण ‘साक’ असे छापले आहे, ते ‘साज’ हवे. तुर्कस्तानने १९२८ साली रोमन लिपी स्वीकारली. तिच्यातील ‘सी’ या अक्षराचा तुर्की उच्चार ‘ज’ होतो. पुणेकर वाचकाला असे खटकते, त्याला इलाज नाही.

आता चीजविषयी. कृतीत फेटा चीज आणि ते न मिळाल्यास प्रोसेस्ड चीज सुचवले आहे. फेटा हे नाव युरोपीय महासंघाने २००२ पासून ग्रीसच्या चीजसाठी राखून ठेवले आहे. तुर्कस्तानात वापरतात ते ‘बेयाझ पेयनिर’, म्हणजे शब्दशः पांढरे पनीर. पेयनिर आणि आपले पनीर हे दोन्ही शब्द फारसीतूनच आलेले. मात्र ते चीज खाऱ्या पाण्यात मुरलेले असते आणि आपले पनीर अळणी. प्रोसेस्ड चीज तापले की वितळून घडीच्या फटींतून बाहेर येते आणि तव्याला चिकटते, हे मी पदरचे पैसे खर्चून शिकले. त्याऐवजी पनीर हाताने कुस्करून, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, सकाळी निथळून त्यात दोन चमचे चक्का मिसळला की आंबट-खारट चव बरीच जवळ येते.

तिसऱ्या वेळी मी पुढीलप्रमाणे केले आणि ते जमले. ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिली कोमट पाणी, १० ग्रॅम मीठ आणि चमचाभर तेल घेऊन पीठ चांगले दहा मिनिटे तिंबले आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवले. हा अर्धा तास वाचवू नये. न मुरलेले पीठ लाटले की आक्रसते. आठ गोळे केले. ओक्लावा येथे कोठून आणणार, पण माळ्यावर पापडाचे जुने बारीक लाटणे होते, त्याने काम भागले. मंडईतून आणलेल्या दोन जुड्या पालक बारीक चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवला आणि मग पंचात घालून पिळला, तर वाटीभर पाणी निघाले! वाळलेल्या भरड लाल मिरचीऐवजी ब्याडगी भाजून, चुरून घातली. ती रंग देते, जाळत नाही. बिडाचा तवा चांगला तापवून, आच मध्यम ठेवून प्रत्येक बाजू दीड-दोन मिनिटे कोरडीच भाजली आणि लोणी तव्यावरून उतरवल्यावर फासले. नुसत्या कणकेचे करायचे असेल तर पाणी थोडे वाढवावे लागते, आणि कोंड्यामुळे पोळी तितकी पातळ लाटता येत नाही. निम्मा मैदा, निम्मी कणीक हा मधला मार्ग ठीक आहे.

आपणास विनंती अशी की पुढील रविवारी शुद्धिपत्र छापावे आणि त्यात किमान यीस्ट, भरण्याची रीत व छायाचित्र या तीन चुकांचा उल्लेख असावा. दुसरे, पाककृतीत ‘एक कप’ लिहिताना तो किती ग्रॅमचा हे कंसात द्यावे, कारण आमच्या घरातच चार आकारांचे कप आहेत. आणि कृती छापण्याआधी ती कोणीतरी एकदा गॅसवर करून पाहावी.

कळावे,
आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे

ता. क. : सोबत थंड पेय म्हणून आपण कोला सुचवला आहे. तेथे गोझलेमेबरोबर आयरान पितात, म्हणजे पाणी आणि मीठ घालून घुसळलेले दही. घरचे ताक चालेल. फक्त त्यात जिरे, हिंग, कोथिंबीर यांपैकी काही घालू नये.