स्खोकलंडच्या मराठी पुस्तिकेसाठी हातभार लावा

नमस्कार मंडळी,

मागच्या रविवारी आपल्या मराठी शाळेच्या पोरांना घेऊन इथे नेदरलँड्समधल्या स्खोकलंडला गेलो होतो, तिथे जुन्या गावाच्या टेकाडाला लाटा अडवायला लाकडी खुंटांचं कुंपण आहे आणि पलीकडे बघावं तर सरळ शेत. एक चिमुरडी विचारते, "काका, समुद्र कुठेय?" आता सांगायचं काय, कारण मराठीत वाचायला द्यावं असं आमच्याकडे काहीच नव्हतं.

तर गोष्ट अशी. स्खोकलंड हे पूर्वी झाउडरझे नावाच्या समुद्राच्या आखातातलं चिंचोळं बेट. उत्तरेला एमलोर्ड, तिथे कॅथलिक, दक्षिणेला मिडलबर्ट, तिथे प्रोटेस्टंट, सगळी मिळून साडेसहाशेच्या आसपास माणसं, मासेमारीवर कसंबसं भागायचं. १८२५ च्या वादळात घरं गेली, माणसं गेली. समुद्र दरवर्षी जमीन खातच होता आणि शेवटी १८५९ मध्ये सरकारने बेटच रिकामं करायला लावलं. लोकांनी घरं मोडली, कोणी काम्पेनला गेलं, कोणी फोलेंडामला. मिडलबर्टचं १८३४ चं चर्च तेवढं राहिलं.

आणि खरी गंमत पुढे आहे! १९४२ मध्ये इथला नोर्डोस्टपोल्डर (पोल्डर म्हणजे बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली जमीन) कोरडा केला आणि बेटाभोवतीचा समुद्रच गेला. म्हणजे पाण्यापायी गाव उठवलं आणि ८३ वर्षांनी पाणीच उठलं. आपल्याकडे धरणात गाव गेलेल्या घरांतले दोघं-तिघं मंडळात आहेत, ते तर हे ऐकून गप्पच झाले. पोल्डरमध्ये नवीन शहर वसलं त्याला नाव मात्र जुनंच दिलं, एमलोर्ड. पुनर्वसनाच्या गावांना आपण देतो ना, तसंच. १९९५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेलं नेदरलँड्समधलं हे पहिलं ठिकाण, पण आपली मंडळी पाहुणे आले की खीतहोर्नला, त्या कालव्यांच्या गावाला, बोटीत बसवून परत आणतात (मीही तेच करायचो).

पोरांसाठी २४ पानी पुस्तिका काढतोय. मजकूर तयार आहे, चित्रं आपल्याच मुलांची. छपाईला ६०० युरो लागतील, २१० जमलेत. दहा-वीस, जमेल तेवढे द्या, ट्रान्सफरची लिंक ग्रुपवर पिन केली आहे, रोख द्यायचे तर दिवाळीच्या कार्यक्रमात तिकिटाच्या टेबलावर द्या, पावती मिळेल. पैसे नाही जमले तरी चालेल, जुनं डच नीट वाचता येणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. आणि प्रूफ बघायला दोन जण हवेतच, मागच्या अंकात फराळाचं फरळ झालं होतं.