डॉक्टर मॅडम, आईला दिलेल्या त्या उत्तरासाठी

आदरणीय डॉक्टर मॅडम,

आईच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दीड महिना झाला. थेंब संपले, चष्म्याचा नंबरही काढून झाला. त्या दिवशी घाईत आभार मानले, पण ज्यासाठी मानायचे होते ते बोलायचं राहूनच गेलं.

तपासणीच्या वेळी आईने तुम्हाला सरळ विचारलं होतं, "बाई, हे शिकलीस कुठं?" मी तिला गप्प करणार होते. बाहेर रांग होती, तरी तुम्ही स्टूल पुढे ओढून बसलात. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस, मग मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालयात फेलोशिप. पण एवढं पाटीवरही लिहिलेलं असतं. आईला विचारायचं होतं, हात कसा बसला?

तेव्हा तुम्ही बोकडाच्या डोळ्यांपासून सुरुवात केलीत. खाटकाकडून आणलेल्या त्या डोळ्यांवर छेद आणि टाके गिरवायचे. नंतर माणसाचा डोळा, पण तोही एकदम पूर्ण हाती येत नाही. आधी शेवटच्या पायऱ्या: भिंग बसवणं, जखम नीट मिटलीय का बघणं. डोळ्यातलं मूळ भिंग ज्या पातळ पिशवीत असतं, तिला वरून गोल छेद द्यायचं काम बरंच पुढे. शेजारी सूक्ष्मदर्शकाच्या जोडनळीतून सर बघत असायचे.

आई खुलली. "आमच्यातही तसंच. आधी हूक-काजं, मग हातशिलाई. कापड बेतायला कात्री सगळ्यात शेवटी." चाळीस वर्षं तिने ब्लाउज शिवलेत. तिचा तुमच्यावर विश्वास बसला तो त्या क्षणी, हे मी शेजारी बसून पाहिलं.

अरविंद 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू करणाऱ्या डॉ. वेंकटस्वामींबद्दलही तुम्ही सांगितलंत. संधिवाताने बोटं वाकडी झालेली असूनही ते शस्त्रक्रिया करत राहिले. त्यावर आई काही बोलली नाही, मांडीवरच्या आपल्या बोटांकडे बघत राहिली.

तिचा मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. पिशवीची कड दिसावी म्हणून निळा रंग वापरावा लागेल, आणि त्या पिशवीचा मागचा पापुद्रा केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो, तो फाटण्याचा धोका आहे, हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत. मोतीबिंदू काढायच्या मशीनचं पेडल एका पायाखाली, सूक्ष्मदर्शकाचं दुसऱ्या पायाखाली, शिवाय दोन्ही हात डोळ्यावर. पायाच्या मशीनवर बसलेल्या बाईला यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

भूल फक्त डोळ्यापुरती होती, त्यामुळे तिला आतलं सगळं ऐकू येत होतं. घरी आल्यापासून येईल त्याला ती एकच सांगते: भिंग बसल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, आता हूक-काजंच राहिलीत."

त्या एका वाक्यासाठी, मॅडम, मनापासून आभार. डाव्या डोळ्यासाठी आम्ही पुढच्या महिन्यात येतोय.

तुमची,
मावशींची मुलगी