माफ केलंस म्हणून दुखायचं लगेच थांबत नसतं, बाळा

बाळा,

सूनबाईचं त्या दुसऱ्या माणसाबरोबरचं प्रकरण उघडं पडल्यापासून फोनवर तू "बरंय सगळं" म्हणतोस आणि मीपण "हो का, बरं" म्हणून ठेवून देते, मग रात्रभर डोक्यात तेच फिरत राहतं म्हणून आज लिहायलाच बसले. मोबाईलवरच टाईप करायले, चुका झाल्या तर समजून घे. आणि हे घरात वाचू नको, शिफ्ट सुटल्यावर कुठंतरी निवांत बसून वाच.

येळवसला, वेळ अमावस्येच्या सणाला, तू शेतात आलास तेव्हा मी बघत होते. कोपीपाशी सगळे जेवायला बसलेले, तुझ्या पानात मी भज्जी वाढली आणि तेवढ्यात सूनबाईच्या पर्समधला मोबाईल वाजला. तुझा घास हातातच राहिला. तू वर बघितलं नाहीस, तिच्याकडं बघितलं नाहीस, नुसता थांबलास. मग ती जरा मोठ्यानंच "ताईचा फोन आहे" म्हणली, म्हणजे तुला ऐकू जावं म्हणूनच म्हणली, आणि तू परत जेवायला लागलास. आंबिलीच्या नादात बाकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, पण माझ्या आलं.

संध्याकाळी बांधावर तू मला म्हणलास, आई, मीच तिला माफ केलं, मीच म्हणलं की एकत्र राहू, मग इतकी वर्षं झाली तरी असं कामून होतंय, माझ्यातच काहीतरी खोट आहे. तेव्हा पोरं आली म्हणून बोलता आलं नाही. त्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायले.

तुझ्यात कायबी खोट नाही. माफ करणं म्हणजे तू ठरवलंस की सूड घेणार नाही, संसार मोडणार नाही, उठता बसता टोमणे मारणार नाही, आणि ते तू पाळलंस, मी डोळ्यानं बघितलंय. पण दुखणं कुणी ठरवून थांबवत नसतं. ते त्याच्या वेळेनं जातं, आणि काही थोडं राहतंही. म्हणून मधेच छातीत धस्स झालं की "म्हणजे मी मनापासून माफ केलंच नाही" असा हिशोब मांडत बसू नको. माफी खरी आहे आणि दुखणंही खरं आहे.

आपल्या आजोबांचं आठव, माझ्या बाबांचं. माझं माहेर सास्तूरच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चार वाजायच्या जरा आधी, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपलेले, आणि भूकंपानं दगडमातीच्या भिंती, वरचं जाडजूड मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी, सास्तूर अशी लातूर-उस्मानाबादची 52 गावं गेली. तू तेव्हा माझ्या मांडीवर होतास, आपण औशाला होतो म्हणून वाचलो. बाबापण वाचले, पण पुढं सरकारनं नवं गाव वसवलं, भूकंपात पडणार नाही असं पक्कं घर दिलं तरी ते कित्येक वर्षं बाज अंगणात टाकूनच झोपायचे. ज्या छपराच्या भरवशावर निवांत झोपलो तेच अंगावर आलं, हे ज्यानं भोगलं त्याला नवं घर कितीही मजबूत दाखवा, मनाला पटलं तरी अंगाला पटत नाही. पाऊस आला की आत यायचे, उघडलं की परत बाहेर. हळूहळू आत झोपायच्या रात्री वाढत गेल्या. आणि त्या सगळ्या काळात आमच्या घरातलं एकही माणूस त्यांना "आता किती दिवस धरून बसणार" असं म्हणलं नाही. मग तुला कामून म्हणावं कुणी?

पण म्हणतात, मला माहितेय. बाईच्या बाबतीत झालं की म्हणतात पुरुषाची जात आहे, डोळेझाक कर, लेकराकडं बघ. आपल्या गल्लीत अशा किती बायका मी बघितल्या, तोंडात पदर कोंबून रडणाऱ्या. आणि पुरुषाच्या बाबतीत झालं की त्यालाच नावं ठेवतात, बायको ताब्यात ठेवता आली नाही, आता मर्दासारखं विसर. दोन्ही बोलणी सारखीच वाईट. तिनं जे केलं ते तिनं केलं. तू कमी पडलास, पगार कमी होता, नाईट शिफ्ट होती, लक्ष नव्हतं, असलं काही शोधत बसू नको. संसारात शंभर गोष्टी कमी पडतात, त्या नवऱ्याला तोंडावर सांगता येतात, भांडता येतं, माहेरी निघून जाता येतं. खोटं बोलून दुसऱ्याकडं जाणं हे तिनं निवडलं आणि ते तिला स्वतःलाही कळतंय असं मला तिच्याकडं बघून वाटतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते तू फोटोंबद्दल म्हणलास ते. जुने फोटो उघडतोस आणि तारखा मोजत बसतोस, की तेव्हा ते चालू होतं का, ती तेव्हा हसत होती ते खरं होतं का. हे असं दुखणं आहे बाळा की ते नुसता आजचा दिवस खराब करत नाही, मागचे चांगले दिवसपण नासवतं. तुळजापूरच्या फोटोचं तू नाव घेतलंस म्हणून सांगते. त्या दिवशी मीपण होते. छकुलीला खांद्यावर घेऊन तू कल्लोळ तीर्थाकडं पायऱ्या उतरत होतास, ती तुझे केस धरून ओरडत होती आणि तू लई खूश होतास. तो दिवस तुझा आहे. तिच्या मनात त्या दिवशी काय होतं ते तिचं तिला माहीत, पण तुझा आनंद खोटा नव्हता आणि लेकराचाही नव्हता. तो कुणी मागं जाऊन काढून घेऊ शकत नाही. फोटो डिलीट करू नको. बघवत नसतील तर माझ्याकडं पाठवून दे, मी ठेवते, कधी वाटलं तर माग.

आता मोबाईलचं. रात्री ती झोपल्यावर तू तिचा मोबाईल बघतोस. कायबी सापडत नाही तरी जीव थंड होत नाही ना? होणारच नाही, कारण मन म्हणतं सापडलं नाही म्हणजे डिलीट केलं असेल. असं चोरून बघण्यानं तू तिचा पहारेकरी होतोस, आणि पहारेकऱ्याला झोप नसते. त्यापेक्षा तिला सरळ सांग की मला अजून भीती वाटते, मला बघू दे, आणि तिनं स्वतः समोर ठेवावा. तुटलेला भरवसा परत जोडायचं जास्तीचं काम तिचं आहे. त्या माणसाशी सगळा संबंध बंद, कुठं चाललीय ते आपणहून सांगणं, आणि तू विचारलंस तर "परत तेच काय" म्हणून फणकारा न करणं, एवढं तिनं करायलाच पाहिजे आणि तेही वैताग न दाखवता.

पण तूसुद्धा रोज रात्री झोपायच्या वेळेला उकरून काढू नको. आठवड्यातून एखादा दिवस ठरवा, लेकरू झोपल्यावर तासभर बसा, जे मनात साठलंय ते विचार. आणि विचारताना हे बघ की उत्तर मिळाल्यावर तुला सुटल्यासारखं वाटेल का नवीन चित्र डोक्यात बसेल. का केलंस, संपलंय का, माझ्याबरोबर राहायचंय ते मनापासून का लोकलाजेसाठी, हे विचार, दहादा विचार. कुठं भेटलात, काय काय केलं, हे विचारून तुला नुसतं जाळून घ्यायला मिळेल.

मामा तुला काय सांगायलेत ते मला कळलंय. त्या माणसावर केस टाक म्हणे, पाच वर्षं आत टाकू. तुझी मावसबहीण लातूर कोर्टात वकिली करते ना, तिला मी कुणाचंही नाव न सांगता सगळं विचारून घेतलं. तसं कलम होतं, 497, इंग्रजांच्या 1860 च्या कायद्यातलं. त्यात नवऱ्याला त्या परपुरुषावर तक्रार करता यायची, बाईला शिक्षा नव्हती, आणि नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नव्हता, म्हणजे बायको म्हणजे नवऱ्याची वस्तू असल्यासारखंच झालं ते. सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांनी 27 सप्टेंबर 2018 ला ते रद्द केलं, आणि 1 जुलै 2024 पासून जी नवीन न्याय संहिता लागू झाली तिच्यातही ते नाही. म्हणजे मामा सांगतात ती केस आता होतच नाही. घटस्फोटाला मात्र हे कारण हिंदू विवाह कायद्यात आहे, आजही चालतं. पण एकदा माफ करून परत एकत्र राहायला लागलं की त्याच जुन्या गोष्टीवर कोर्टात अडचण येते असं ती म्हणाली. आणि दोघांनी मिळून संमतीनं वेगळं व्हायचं असेल तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज आणि सहा महिने थांबणं, ते सहा महिने कोर्ट कमी करू शकतं. हे मी तुला "मोड" म्हणून सांगत नाही. कुणी अर्धवट ऐकवलं तर त्यावर तू काही करून बसू नये म्हणून सांगायले.

आणि मामांनी छकुलीच्या डीएनए टेस्टचा विषय काढला हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच म्हणलं की नवराबायकोच्या भानगडीचा पुरावा म्हणून लेकरावर उठसूट अशी टेस्ट लादायची नाही. कोर्टाचं सोड, ती तुझ्या छातीवर झोपून मोठी झालेली पोर आहे. हा विषय परत कुणी काढला तर माझ्याकडं पाठव, माझा सख्खा भाऊ असला तरी मी त्याला घरातून उठवीन.

शनिवारी पोरांबरोबर बसतोस तेव्हा किती पितोस ते मी विचारलं नाही, पण सुरुवातीला झोप लागावी म्हणून घेतोस आणि मग तीच सवय होते, हे आपल्या भाऊकीत बघितलंय आपण. दारूनं झोप येत नाही, माणूस नुसता पडतो, आणि उतरली की पहाटे तीनला तेच चित्र दुप्पट मोठं होऊन उभं राहतं. राग अंगात चढला, हात उठेल असं वाटलं तर त्याच क्षणी चप्पल घालून बाहेर पड. तिच्यावर हात टाकलास तर मी तुझ्या बाजूला नसेन, हे आत्ताच सांगते.

सरकारचा एक फोन नंबर आहे, टेली-मानस, 14416. 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुला वाटेल येड्यांसाठी असेल, तसं नाही. झोप नाही, छातीत धडधड, तेच तेच विचार, अशा माणसांसाठीच आहे तो. संभाजीनगरला जोडप्यांना समोरासमोर बसवून बोलणारे काऊन्सेलरही मिळतील, सूनबाई तयार असेल तर दोघं जा, नसेल तर तू एकटा जा. ताप आल्यावर दवाखान्यात जायला आपण लाजतो का? मग ह्यात कसली लाज.

सूनबाईशी मी ह्यावर काही बोललेले नाही, तू म्हणाल्याशिवाय बोलणारही नाही. तिच्याशी मी वाईट वागणार नाही. मला तिचा राग आहे, लई आहे, पण तू तिच्याबरोबर राहायचं ठरवलंस तोपर्यंत तिला ह्या घरात मान मिळेल, नाहीतर माझ्या रागाचं ओझंपण तुझ्याच डोक्यावर यायचं. आणि उद्या तुला वाटलं की नाही जमत, मी सगळं करून बघितलं, आता नाही, तर तेही चालेल. तेव्हा मी "लोक काय म्हणतील" हे तोंडातून काढणार नाही. तू मागं हटलास असं मला वाटणार नाही. फक्त ते रात्री ठरवू नको, भांडण झाल्यावर ठरवू नको, आणि मामांच्या फोननंतर तर मुळीच ठरवू नको. चांगलं जेवलेला असशील, झोप झालेली असेल, अशा एखाद्या सकाळी ठरव.

अण्णांना मी अर्धंच सांगितलंय, बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणून. पण परवा ते आपणहून म्हणले, पोराला आठ दिवस बोलावून घे, तुरीच्या खळ्याला माणूस कमीच आहे. म्हणजे त्यांना कळलंय काहीतरी. खळ्याचं निमित्त आहे, येच तू, सुट्टी मिळत असेल तर. छकुलीलाही आण, शाळेला दोन दिवस दांडी झाली तरी काही बिघडत नाही.

रविवारी अण्णा बाजाराला जातात, दहाच्या पुढं मी घरात एकटीच असते. तेव्हा फोन कर, आणि "बरंय सगळं" म्हणू नको, जे आहे ते सांग. रडलास तरी चालेल, मी फोन ठेवणार नाही.

तुझी
आई