विहिरीपासून सुरुवात कर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली कादंबरीची टिपणे मी दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती, त्यामुळे समास बराच भरला आहे. चौथीत असताना आपण दोघांनी चौकटीच्या वहीत काढलेले ते बेट तू इतकी वर्षे मनात जपलेस आणि आता त्यावर एक अख्खे कूळ वसवायला निघालास, याचा मला झालेला आनंद पत्रात मावणारा नाही; आणि तो खरा आहे म्हणूनच जे खटकले तेही आडपडदा न ठेवता लिहितो.

तुझ्या कुळाच्या चालीरीती देखण्या आहेत. अमावास्येच्या रात्री पेटवून समुद्रात सोडायच्या नावा, वयात आलेल्या मुलांच्या दंडावर गोंदायचा मासा, कुळप्रमुखाच्या अंत्यविधीत घालायचे मुखवटे, हे सारे तू मन लावून रचले आहेस. पण चाळीस पाने वाचून संपली तरी ही माणसे पाणी कुठून पितात, हे मला समजले नाही. माडाचे झाड कोणाच्या मालकीचे, लग्नानंतर कोण कोणाच्या घरी राहतो, दुसऱ्या-तिसऱ्या मुलाच्या वाट्याला काय येते, याविषयीही एक ओळ नाही. तुझ्या चालीरीतींना सण आहेत, पण अडचण नाही. मला वाटते, बेटावरची कोणतीही रीत मुळात एखाद्या तुटवड्याची वाटणी करण्यासाठी पडते, आणि तिच्यावर देवाचे नाव पुष्कळ वेळा मागाहून चढते.

पाण्याचेच घे. तुझे बेट प्रवाळाचे आहे, म्हणजे त्यावर नदी किंवा ओढा असण्याचा संभव नाही. अशा बेटावर पावसाचे पाणी सच्छिद्र जमिनीतून खाली झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर तिच्या खाली सुमारे चाळीस हातांपर्यंत गोडे पाणी असते. ऐकायला ही श्रीमंती वाटते; पण उपसा वाढून वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालून खारे पाणी त्याच पटीत वर चढते आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर चांगला पाऊस होईपर्यंत सुधारत नाही. आता विचार कर, ज्या कुळाच्या पाच-पंचवीस पिढ्या अशा विहिरीवर जगल्या, त्यांच्या रीती कशा असतील?

मला जे दिसले ते सांगतो. पटले तर घे. पहाटे बेटावरची सर्वांत वयस्कर स्त्री विहिरीवर येते, पोहरा हळू सोडते, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन डोळे मिटते आणि ते गिळण्याआधी जिभेवर क्षणभर धरते. चव गोड असेल तर ती कठड्यावरची करवंटी उताणी ठेवते. मिठाची किंचित जरी शंका आली, तर करवंटी पालथी घालते आणि त्या दिवशी घरटी एकच पोहरा. तिला कोणी कारण विचारत नाही, कुळप्रमुखही नाही. आता एखाद्या भर उन्हाळ्यातल्या दुपारी, करवंटी पालथी असताना, तापाने फणफणलेल्या मुलाची आई रिकामी कळशी घेऊन त्या कठड्यापाशी उभी आहे. घरचा पोहरा सकाळीच संपला आहे. आजूबाजूला कोणी नाही. ती काय करते आणि संध्याकाळी कुळ तिचे काय करते, हे तू लिहिलेस, तर वाचकाला हे कूळ जेवढे कळेल तेवढे चार मुखवट्यांनी कळणार नाही.

तू म्हणशील, मग मंत्र-तंत्र, देव, विधी सगळे काढून टाकू काय? मुळीच नाही. फक्त ते कुठे असतात ते बघ. मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. त्याने टिपलेली एक गोष्ट मला कधीच विसरता आली नाही. आतल्या शांत खाजणात मासे मारताना ते लोक कोणताही मंत्र वापरत नसत, कारण तिथे कसब पुरेसे होते आणि मासळी हमखास मिळे. बाहेरच्या खुल्या समुद्रात मात्र, जिथे जीव जाण्याची भीती आणि रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता, तिथे विधींचा मोठा पसारा असे. तुझ्या टिपणांत कुळ सगळीकडे सारखेच मंत्र म्हणते. त्याऐवजी एक रेषा ओढ. खडकांच्या आत गप्पा मारत जाळे टाकणारी हीच माणसे, फेसाची रेषा ओलांडताच गप्प होतात आणि सगळ्यांत पुढे बसलेला पुटपुटू लागतो. भीती कुठे सुरू होते हे वाचकाला न सांगता समजेल. (त्याच बेटांमधल्या कुला या देवघेवीविषयी तू विचारले होतेस. लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि शंखाची पांढरी कंकणे उलट दिशेने. कोणीही ती कायमची ठेवून घेत नाही. तुझ्या कथेत शेजारचे बेट नसल्याने त्यात फार अडकू नकोस.)

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांपैकी तिकोपिया हे बेट जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे. रेमंड फर्थ हा मानववंशशास्त्रज्ञ १९२८ साली तिथे गेला तेव्हा त्यावर बाराशेच्या आसपास माणसे राहत होती. कुळे चार, प्रत्येकाचा एक प्रमुख, आणि प्रत्येक प्रमुखाकडे एकेका पिकाचे पालकत्व: एकाकडे यामचा कंद, दुसऱ्याकडे नारळ, तिसऱ्याकडे अळूचा कंद आणि चौथ्याकडे विलायती फणस. म्हणजे कोणतेही एक कूळ स्वतःपुरते पूर्ण नव्हते. याच लोकांनी इ.स. १६०० च्या सुमारास बेटावरची सगळी डुकरे मारून टाकली, कारण ती बागा उकरत आणि माणसाच्या तोंडचा घास खात. डुक्कर म्हणजे त्या भागात केवढे मानाचे धन, हे लक्षात घेतले की या निर्णयाचे वजन कळते. आणि दुसरी रीत यापेक्षा अवघड होती. जमीन तुकड्यांत वाटली जाऊ नये म्हणून धाकट्या भावांपैकी काहींनी लग्नच करायचे नाही, मुले होऊ द्यायची नाहीत, असा तिथला संकेत होता.

श्रीधर, तुझ्या तिसऱ्या प्रकरणात कुळप्रमुखाचा धाकटा मुलगा एका परिच्छेदापुरता येतो. तो थोरल्याच्या होडीला सुंभ वळून देतो आणि निघून जातो. मला तो नायकापेक्षा जास्त जिवंत वाटला. त्याचे लग्न का झालेले नाही, हे तू लिहिलेले नाहीस, बहुधा तुझ्याही मनात आलेले नसेल; पण उत्तर तुझ्या बेटाच्या आकारातच आहे. थोरल्याच्या बाळाला खांद्यावर घेऊन फिरणारा, त्याला पहिले पोहणे शिकवणारा आणि स्वतःचे मूल कधीच नसणारा असा हा काका. त्याच्यावर कोणी जुलूम करत नाही. सगळे त्याच्याशी प्रेमाने वागतात, आणि रीत त्यालाही मनापासून पटलेली आहे. कादंबरी त्याची कर, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घर कोणाचे, हा प्रश्नही असाच सोडवावा लागेल. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी लक्षद्वीपमधल्या कल्पेनी बेटावरच्या मातृवंशीय मुस्लिम समाजाचा अभ्यास केला आणि १९६९ साली त्यावर पुस्तक लिहिले. तिथे नवरा आपल्या आईच्याच घराचा राहतो आणि रात्री बायकोच्या घरी जातो. मालमत्तेचे प्रकारही दोन: आईकडून चालत आलेली, घराण्याची, ती शुक्रवारची, आणि स्वतः कमावलेली, ती सोमवारची. ‘हे माड शुक्रवारचे आहेत, मला विकता येणार नाहीत’ असे एका पात्राच्या तोंडचे एकच वाक्य पाहा किती काम करते. वारांची नावे उचलू नकोस, पण तुझ्या कुळाच्या बोलण्यातही मालकीचे असे दोन रोजचे, साधे शब्द असू देत. दंडावरचा मासा मग नुसता अलंकार राहणार नाही. तो आईच्या घराचा असेल की बापाच्या, यावर कोणाला कोणत्या माडावर चढता येते ते ठरेल.

पेटत्या नावांचा विधी मात्र मला ठेवावासा वाटतो, एका अटीवर. तुझ्या बेटावर लाकूड थोडे आहे, हे तूच पहिल्या पानावर लिहिले आहेस. जिथे एक होडी बांधायला दोन वर्षे झाड राखावे लागते, तिथे माणसे दर अमावास्येला नावा जाळणार नाहीत. त्या झावळ्यांच्या, वीतभर लांबीच्या कर. आणि खरी होडी जाळण्याचा प्रसंग संपूर्ण कादंबरीत एकदाच येऊ दे. कोणाची, ते तुला ठाऊक असेलच.

ती चौकटीची वही माझ्याकडे आहे. काल काढून पाहिली. डोंगर, गुहा, खजिना, बुडालेले जहाज, सगळे आहे. विहीर आपण दोघांनीही काढलेली नाही. नकाशाची प्रत सोबत जोडली आहे. विहीर कुठे खणायची ते पेन्सिलने दाखवून परत पाठव, म्हणजे घरांपासून तिथपर्यंतची पायवाट मी आखून ठेवतो.

तुझा,
विनायक