मन मोकळं करायला स्वारगेट ओलांडावं लागू नये

लेस्टर, इंग्लंड

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाचं तू फोनवर सांगितलंस, ते डोक्यातून जातच नाही. पोरगा खोलीबाहेर येत नाही, जेवणाचं ताट दाराशी ठेवावं लागतं, आणि काकू मात्र सगळ्यांना ‘अभ्यास चाललाय’ म्हणून सांगतात. समुपदेशकाकडे नेलं, पण दर वेळी हजार-बाराशे रुपये कुठून आणायचे? ससूनला मानसोपचार विभाग आहे हे त्यांना ठाऊक आहे. पण जो जिना उतरायला तयार नाही, त्याला धनकवडीतून स्वारगेटला बस बदलून केसपेपरच्या रांगेत कसं उभं करायचं? येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं तर नावही काढता येत नाही. त्याच आवारात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, कितीतरी घरं सावरली, तरी ‘येरवड्याला पाठवतील’ हा धाक पुण्यातून गेलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात मी कशी झाले होते, तुला आठवतं ना? झोप नाही, भूक नाही, फोनवर तुझा आवाज ऐकला की रडू यायचं. इंग्लंडमध्ये २००८ पासून सरकारी आरोग्यसेवेत मोफत समुपदेशनाची सोय आहे. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आपलं आपणच नाव नोंदवायचं. आधी नऊ प्रश्न विचारतात: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच मन लागलं नाही, झोप कशी होती, आपण कुचकामी आहोत असं वाटलं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दर भेटीच्या आधी तेच प्रश्न पुन्हा, म्हणजे उतार पडतोय की नाही ते दोघांनाही कळतं. माझ्याशी बोलणारी मुलगी डॉक्टर नव्हती, याच कामाचं प्रशिक्षण घेतलेली होती. तिने मला दिवसाचं वेळापत्रक लिहायला लावलं. त्यात रोज एकच काम ठरवून करायचं, अगदी कोपऱ्यावर जाऊन दूध आणण्याएवढं, आणि नंतर कसं वाटलं ते लिहायचं. हळूहळू मी उठून बसले. इथेही ताटकळावं लागतं. सहा आठवड्यांत बहुतेकांचे उपचार सुरू व्हावेत असं लक्ष्य आहे, पण सगळीकडे ते सारखं पाळलं जात नाही. तरी पैशांपायी कुणाला अर्ध्यावर सोडावं लागत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

बाबा, तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे पैसा आहे. पण झिम्बाब्वेकडे कुठे होता? तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेतल्या दवाखान्यांबाहेर बाकं ठेवली आणि वस्तीतल्याच आज्यांना प्रशिक्षण देऊन लोकांशी बोलायला त्या बाकांवर बसवलं. पुढे रीतसर अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्धही झाला. सहा महिन्यांनी बाकावर बोललेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं उरली होती, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत सुमारे ५० टक्के. आणि आपल्या पुण्यातल्याच इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रम राबवला. गावातलेच लोक तयार केले. ते चार-सहा वेळा भेटून बोलायचे, पेन्शनचं किंवा रेशनचं काम अडलं असेल तर तेही मार्गी लावून द्यायचे, आणि दुखणं मोठं दिसलं की डॉक्टरांकडे पाठवायचे. पेन्शन अडल्यावर जीव टांगणीला लागणारच. ते सोडून नुसतं ‘मन शांत ठेवा’ म्हणण्यात काय अर्थ?

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या विरंगुळा केंद्रातली आतली खोली दुपारी रिकामीच असते. आठवड्यातून दोन दुपारी ती लोकांनी येऊन मन मोकळं करावं म्हणून द्याल का? तुमच्या संघात निवृत्त शिक्षिका आहेत, नर्स आहेत. त्यांना आधी नीट प्रशिक्षण मिळायला हवं, आणि मागे एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. त्याशिवाय सुरू करू नका. खोलीवर ‘मानसिक’ असली पाटी नको, रक्तदाब मोजायचं यंत्रही तिथेच ठेवा, म्हणजे आत जाताना कुणाला संकोच वाटणार नाही. पण सगळा भार संघाच्या लोकांवर टाकून महापालिकेने मोकळं होणं मला मान्य नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ नुसार हे उपचार राहत्या ठिकाणाजवळ आणि परवडतील असे मिळणं हा हक्क आहे, रुग्णाला लांब हेलपाटे घालायला लावायचे नाहीत. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात समुपदेशक द्या, असा अर्ज संघाच्या लेटरहेडवर करा. मसुदा मी लिहून पाठवते.

आई, काकूंकडे मात्र आजच जा. १४४१६ हा सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर त्यांना दे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. मुलाला ‘एवढं काय झालंय’ असं कुणी म्हणू नका. त्याच्या दाराशी बस, आणि जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचार. विचारल्याने तसलं काही डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि लगेच दवाखान्यात न्या, रिक्षाचा, डॉक्टरचा खर्च मी करीन.

रविवारी फोन करते. तोवर बाबांनी खोलीचं विचारून ठेवावं.

तुमची,
मनू