व्हॉल्व्हवरच्या त्या डबीबद्दलही कधीतरी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यांच्या ऑटोमेशनवर हल्ली पेपरात बरंच येतं, कंट्रोल रूम, मोठे स्क्रीन, सॉफ्टवेअर, आता तर एआय पण. वाचून बरं वाटतं, पण स्क्रीनवर ४५ टक्के टाकलं की फील्डमधला व्हॉल्व्ह खरंच ४५ टक्के उघडतो का हे कोणीच विचारत नाही. ते काम करणारी वस्तू म्हणजे पोझिशनर, व्हॉल्व्हच्या अंगावर बसवलेली एक छोटी डबी, आणि मेंटेनन्समध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं म्हणून हे पत्र.

कंट्रोल व्हॉल्व्ह बहुतेक हवेवर चालतो. डायफ्रामवर, म्हणजे आतल्या लवचिक पडद्यावर, हवा ढकलते, समोरून स्प्रिंग ढकलते. नुसती ३ ते १५ पीएसआय हवा सोडली तर हिशोबाने स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, बरोबर जागेवर यायला हवा, पण ग्लँड पॅकिंग, म्हणजे दांड्याभोवतीचं गळती रोखणारं सील, घट्ट असतं, विशेषतः ग्राफाईटचं, लाईनमधलं प्रेशर दांड्याच्या टोकाच्या प्लगला ढकलत असतं, त्यामुळे स्टेम अडकतो आणि मग एकदम उडी मारतो. पोझिशनर काय करतो, कंट्रोलरचा ४ ते २० मिलीअँपिअरचा सिग्नल घेतो, फीडबॅक लिव्हरवरून स्टेम खरंच कुठे आहे ते बघतो, आणि दोन्ही जुळेपर्यंत हवा वाढवत किंवा सोडत राहतो, मग त्यासाठी १५ च्या वर प्रेशर लागलं तरी सप्लायमध्ये आहे तोवर देतो. जुन्या पोझिशनरमध्ये हे सगळं फ्लॅपर-नोझल (बारीक भोक आणि त्याच्यासमोर हलणारी पट्टी) आणि हवेच्या रिलेवर चालायचं, कसलाही प्रोसेसर नाही, आणि तरी वर्षानुवर्षं चालायचं, मला अजूनही त्याचं कौतुक वाटतं.

आता मुद्दा. लूप, म्हणजे मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी, हलायला लागला, फ्लो वरखाली व्हायला लागला की पहिला हात जातो ट्यूनिंगवर, म्हणजे कंट्रोलरच्या सेटिंगवर. गेन कमी कर, इंटिग्रल बदल, असं करत आठवडे जातात आणि दोष असतो खाली, लिव्हरची पिन झिजलेली किंवा पॅकिंग जास्त आवळलेलं. तपासणं अवघड नाही हो. लूप मॅन्युअलला घ्या, आउटपुट स्थिर ठेवा आणि स्टेमकडे बघा. सिग्नल स्थिर असून स्टेम नाचतोय तर पोझिशनर, लिंकेज नाहीतर हवा बघा. स्टेम शांत असेल तर आउटपुट अर्धा-एक टक्का हलवून बघा, दोन-तीनदा हलवूनही काही होत नाही आणि मग एकदम उडी, म्हणजे व्हॉल्व्ह चिकटतोय, ट्यूनिंगने ते जाणार नाही.

हवेचं तर विचारूच नका. नोझलचं भोक मिलीमीटरपेक्षाही बारीक, त्यात कॉम्प्रेसरचं तेल आणि पाणी गेलं की संपलं. इन्स्ट्रुमेंट एअरचा ड्यू पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं तो, तिथल्या सगळ्यात कमी तापमानाच्याही १० अंश खाली हवा असं स्टँडर्ड सांगतं, पण हवा कोरडी करणारा ड्रायर बंद पडला तर प्रॉडक्शन थांबत नाही ना, मग तो तसाच राहतो, फिल्टर रेग्युलेटरचा ड्रेन कोणी उघडत नाही, आणि पोझिशनर खराब निघाला म्हणून नवा मागवला जातो. तो पण त्याच हवेवर लावतात.

आणि नवा लावताना घाईत ॲक्शन, म्हणजे सिग्नल वाढला की हवा वाढणार की कमी होणार ते, उलटी सेट झाली तर गोष्ट गंभीर आहे. हवा गेली की वाफेचा व्हॉल्व्ह सहसा बंद आणि कूलिंग वॉटरचा उघडा व्हायला हवा, ते स्प्रिंगवर ठरतं, पण सिग्नल गेल्यावरही तसंच व्हायला हवं आणि ते पोझिशनरच्या सेटिंगवर आहे. ऑटो कॅलिब्रेशन पूर्ण झालं म्हणून सही करून मोकळं होऊ नका, सिग्नल काढून आणि हवा बंद करून दोन्ही वेळा व्हॉल्व्ह कुठे जातो ते डोळ्याने बघा. अर्थात हे लाईन चालू असताना नाही, शटडाऊनमध्येच, आणि शटडाऊनच्या यादीतून वेळ नाही म्हणून पहिलं काम हेच कापलं जातं. पुढच्या वेळी ऑटोमेशनवर पुरवणी काढाल तेव्हा एखाद्या प्लांट मॅनेजरला एवढं जरूर विचारा, की तुमच्याकडे ही टेस्ट शेवटची कधी झाली?

आपला,
एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन