दीक्षेआधी तुला लिहिते

प्रिय अमोल,

सप्रेम जय ख्रिस्त.

पाळक म्हणून तुझ्या दीक्षेची तारीख कळल्यापासून बाबा दिवसभर फोनवर आहेत. नंदुरबारपासून धुळ्यापर्यंत एकही नातेवाईक सुटलेला नाही. संदेश कसा तयार करावा, प्रभुभोजन कसं द्यावं हे तुला सेमिनरीत शिकवलंय, त्यात मी तोंड घालणार नाही. पण आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्याबद्दल मला बोलायचंय. पाळक आत येतो तेव्हा खाटेपाशी सिस्टर आधीच उभी असते, आणि माझी सगळी नोकरी तिथेच गेली.

नवापूरकडच्या मंडळीत तुला सिकलसेलची माणसं भेटणारच. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. एकदा एक बाई नऊ-दहा वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन वॉर्डात आली. "सिस्टर, पोर रातभर रडनी." पोरीचे डोळे पिवळट, ओठ सुकलेले, गुडघ्याला हात लावू देईना. गोळ्या चालू आहेत का विचारलं, तर आई गप्प. मग तिने पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांची पाकिटं, एकही गोळी न फोडलेली. कुठल्याशा सभेत पोरीसाठी प्रार्थना झाली होती आणि प्रार्थना करणाऱ्याने बजावलं होतं, आता गोळी घेतली तर विश्वास खोटा ठरेल. सलाईन लावली, पोर सावरली. त्या माणसाचा मला अजून राग आहे, आणि तो सोडायची मला काही घाई नाही.

तू म्हणशील, आई, याकोबाच्या पत्रात तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. सांगितलंच आहे, तू करच. मीही रात्रपाळीत कितीतरी खाटांपाशी केली आहे. पण तोच प्रेषित पौल मिलिता बेटावर पुब्ल्याच्या बापाला ताप आणि हगवणीतून बरं करतो आणि शिष्य तीमथ्याला लिहिताना सहज सांगून जातो की सोबती त्रफिमाला आजारी असताना मिलेतात ठेवून आलो. का बरा झाला नाही, कोणाचा विश्वास कमी पडला, एक अक्षर नाही. तीमथ्याच्या पोटासाठी तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. सहकारी एपफ्रदीत मरणाला टेकला होता हे फिलिप्पैच्या मंडळीपासून लपवत नाही. स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, तो गेला नाही. आणि त्याच्यासोबत फिरणारा लूक वैद्य होता. पौलाला जे झाकावंसं वाटलं नाही, ते मंडळीसमोर तू तरी का झाकावंस?

"हे कोणाच्या पापामुळे?" हा प्रश्न तुला दर घरात ऐकू येईल. सिकलसेल आईबापांकडूनच येतो, त्यामुळे तो जास्तच बोचतो. सासू सुनेकडे बोट दाखवते, नवरा तिच्या माहेराकडे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाबद्दल हेच विचारलं आणि प्रभूने दोघांनाही मोकळं केलं, त्यालाही आणि त्याच्या आईबापांनाही. हा उतारा व्यासपीठावरून वाचण्याआधी त्या घरातल्या सासूसमोर, चहा पिता पिता वाच.

लग्नाच्या बाबतीत मात्र गुळमुळीत राहू नकोस. तुझ्याकडे मुलगा-मुलगी लग्नासाठी येतील तेव्हा बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर सिकलसेलची तपासणीही माग. दोघंही वाहक असतील, म्हणजे आजार नाही पण त्याचा दोष अंगात असेल, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः ठणठणीत असतात, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. ठरवायचं त्यांनी, पण माहीत करून घेऊन ठरवू दे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पंचांपैकी कोणी "पाळकाने यात कशाला पडायचं" म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

उपास-प्रार्थनेचंही तसंच. उपास ज्याने त्याने करावा, पण सिकलसेलच्या माणसाचं पाणी तोडू नकोस. अंगातलं पाणी कमी झालं की तेच दुखणं उठतं. रात्रभराची सभा थंडीत उघड्यावर असेल तर त्यांना आधी घरी पाठव.

प्रार्थनेनंतर कोणी पाकीट पुढे करेल, कोणी कोंबडी. कोंबडी मंडळीच्या जेवणाला दे, पाकीट दानपेटीत टाकायला लाव. संदेष्टा अलीशाने नामानाचं कोड बरं केलं, पण त्याच्याकडून काही घेतलं नाही. त्याचा चाकर गेहजी मागून धावत गेला, दोन किक्कार (जुनं वजन) चांदी आणि दोन पोशाख घेऊन आला, आणि सोबत नामानाचं कोडही. तुझा पगार थोडा आहे हे मला ठाऊक आहे. अडचण आली तर घरी माग.

आणि माणूस गेला तर बोलू नकोस. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसले होते, तोवर चांगले होते.

आता मुख्य काम. दिवाळी झाली की तुझी अर्धी मंडळी ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे जाईल. नाताळला चर्च रिकामं दिसेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तिकडे जा. पहाटेची थंडी, अंगमेहनत, पाणी पिण्याची सोय नाही, म्हणजे दुखणं उठायला लागतं ते सगळं त्या फडात असतं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते म्हणून माणूस दुखणं अंगावर काढतो, आणि मुकादमही सहज सुटी देत नाही. पडावावर, म्हणजे तोडणाऱ्यांच्या मुक्कामावर, जाताना प्रभुभोजनाच्या साहित्याबरोबर फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, ताप मोजायचं थर्मामीटर आणि जुनी पांघरुणं ने. हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे दुखण्याचे झटके कमी करणारं औषध, कोणाला चालू आहे ते निघण्याआधी आरोग्य केंद्रातून विचार, म्हणजे तेवढ्या महिन्यांची सोय करून त्यांना पाठवता येईल. कोणाचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, कोणत्या पडावावर आहे, गरोदर कोण, लहान मुलं किती, ही यादी दिवाळीच्या आतच कर, नंतर कोणी सापडत नाही. झाली की मला एक प्रत पाठव. मी गोळ्यांचा हिशोब लावून ठेवते.

तुझी आई